मुलगा १२ चा झाला, अंघोळ करूनही घामाचा वास आणि जांघेत खाज, कसं बोलू त्याच्याशी?

ऐरोलीची_आई
मुलगा सातवीत आहे, रोज संध्याकाळी फुटबॉलला जातो. दोन-तीन महिन्यांपासून घरात शिरला की घामाचा वास येतो, आधी असं कधीच नव्हतं, आणि अंघोळ म्हणजे दोन मिनिटं, डोकं ओलं झालं की साहेब बाहेर. परवा चड्डी धुवायला घेतली तर इलॅस्टिकपाशी रक्ताचे बारीक डाग. विचारलं तर काही नाही म्हणाला, रात्री झोपेत खाजवत होता म्हणून बघितलं तर जांघेत लाल गोल चट्टा, महिनाभर लपवून ठेवलं होतं हो त्याने, मला फार वाईट वाटलं. मेडिकलमधून ट्यूब आणली, चार दिवस बरं वाटलं आणि आता दुप्पट पसरलंय. त्यात हा पाऊस, कपडे वाळतच नाहीत. बोलायला गेलं की दार लावून घेतो.

नेरूळकर_सिस्टर
ताई, स्किन ओपीडीत काम करते म्हणून सांगते, असा चट्टा बहुतेक गजकर्ण असतो, म्हणजे त्वचेवरची बुरशी. ट्यूबवरची नावं वाचा. क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन लिहिलं असेल तर ते स्टिरॉइड आहे, खाज लगेच थांबते पण बुरशीला मोकळं रान मिळतं. ट्यूब घेऊनच स्किनच्या डॉक्टरकडे जा. आणि औषध सांगतील तितके आठवडे लावायचं, चट्टा दिसेनासा झाला की सगळे सोडतात आणि तो परत येतो. टॉवेल वेगळा ठेवा, घरात अजून कुणाला खाज आहे का बघा. पायाच्या बोटांच्या बेचक्यात पण बघा, तिथे असेल तर चड्डीच्या आधी मोजे घालायला सांगा, नाहीतर चड्डी चढवताना पायाची बुरशी जांघेत जाते. चड्डी पूर्ण वाळल्याशिवाय घालू देऊ नका, पावसात शिवणी ओल्याच राहतात, तिथे इस्त्री फिरवा.

घोडबंदरचा_बाबा
वासाबद्दल ओरडू नका त्याला प्लीज. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, काखेत आणि जांघेत वेगळ्या घामाच्या ग्रंथी असतात त्या वयात येतानाच कामाला लागतात, त्वचेवरचे जंतू तो घाम खातात आणि वास सुटतो. म्हणजे पोरगा घाणेरडा झालेला नाही, आठ वर्षांच्या मुलाची अंघोळ आता पुरत नाही इतकंच, आणि हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मी माझ्या मुलाला स्कूटरवर मागे बसवून सांगितलं, तोंड दिसत नाही ना एकमेकांचं, त्याने आपणहून तीन प्रश्न विचारले. खेळून आल्यावर लगेच अंघोळ, काख-जांघ साबणाने, मग नीट कोरडं करायचं, बस.

वाशी_मुलीची_आई
थोडं वेगळं लिहितेय, पण मुलीसुद्धा असंच लपवतात. माझी आठवीतली, पाण्याची बाटली भरलेलीच परत यायची, मग लघवीला जळजळ सुरू झाली. खोदून विचारलं तेव्हा कळलं शाळेच्या टॉयलेटला कडी नाही म्हणून ती दिवसभर जातच नव्हती, पाळीतही सकाळचं पॅड संध्याकाळपर्यंत. चार-सहा तासांनी बदलायचं हे तिला माहीत होतं हो, पण बदलणार कुठे? आम्ही पाच-सहा आया मिळून शाळेत गेलो तेव्हा कडी लागली. नुसतं घरी शिकवून भागत नाही.

ऐरोलीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांकडे जाऊन आलो, गजकर्णच आहे, ट्यूबमध्ये स्टिरॉइड निघालं. येताना रिक्षात बोलले, तो बाहेरच बघत होता, मला वाटलं ऐकतच नाहीये. आज सकाळी आतून ओरडला, आई, आधी मोजे ना?