ईज कडाडली अन् आठवलं... तुमचे अनुभव सांगा

धुऱ्यावरून: काल विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप वाजलं अन् मले आठवीतला मिरग आठवला. पांढरकवड्याकडं वावर. पराटी टोबत होतो. आभाळ काळं झालं तसे सगळे मोहाच्या झाडाखाली पळाले. बाबानं शिव्या देऊन देऊन बाहेर काढलं, उघड्यावर पाय जोडून उकिडवं बसवलं. बैल सोडाले तो वळला अन् तेवढ्यात मोहावर पडली. दोन्ही बैल जागीच गेले. अंगावर ओरखडा नाही. बाबा दोन दिवस जेवला नाही.

पोळ्या_टाकताना: अरे देवा 😔 आमची मोठी आई पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेली. अशांवर वीज पडते म्हणायचे. गडगडलं की आजोबा तिला उंबऱ्याबाहेर येऊ देत नसत, आम्ही पोरंही लांब बसायचो. ती ८४ वर्षांची होऊन अंथरुणातच गेली. वीज पडली ती शेजाऱ्याच्या टीव्हीच्या छत्रीवर!

मास्तर: बैलाच्या पुढच्या-मागच्या पायांत चार-पाच फुटांचं अंतर. वीज मुळाशी जमिनीत पसरते, एका पायातून चढून छातीतून दुसरीकडं उतरते. म्हणून पाय जोडायचे. बाबांना शाळेत कोणी शिकवलं होतं?

धुऱ्यावरून: दुसरी नापास 😄

रात्रपाळी: नर्स आहे, चंद्रपुरातल्या मूलकडची. धानाच्या रोवणीत बांधीत वीज पडून एक जण पडला, "करंट लागते" म्हणून कोणी हात लावेना. अंगात वीज राहत नाही हो! श्वास नसेल तर छाती दाबत राहा, १०८ लावा. आमचा वाचला. कानाने कमी ऐकतो. डबा उघडते, नंतर लिहिते.

कास्तकार: बैलाचे पैसे भेटले काय?

धुऱ्यावरून: तेव्हा कोणाले माहीत. पंचनाम्याआधीच गाडले.

कास्तकार: आता ३२ हजार आहेत. तेवढ्यात शिंगं येतात बैलाची. अन् दामिनीचं म्हणाल तं आमच्याकडं ढग आला की टॉवरच जाते, काय वाजन? मी मोजतो. चमकली की आकडे, तीन सेकंदाले एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला की डवरं टाकून घर.

पोळ्या_टाकताना: तीस म्हणजे दहा किलोमीटर, एवढ्या लांबून?

मास्तर: हो. पाऊस नसतानाही पडते.

नवाकोरा: मिरगात टोबत होते म्हणजे पाऊस वेळेवर होता राजा. आमचं सोयाबीन दुबार. कोणाकडं घरचं बियाणं हाय काय?

कास्तकार: वेगळा धागा काढ ना बे.

रात्रपाळी: आले. पोळ्याताई, पायाळूची लाथ कमरेला लागली की उसण जाते म्हणतात ना? मोठ्या आईनंतर घरात कोणी आहे का, माझी चार दिवसांपासून भरली आहे.