मैत्रीण ऑफिसर झाली, आता तिच्याशी बोलायचं कसं?

मदत हवी आहे. मी सरकारी बँकेत क्लार्क आहे. शेजारच्या काउंटरवरची मैत्रीण प्रमोशनची परीक्षा पास होऊन स्केल १ (म्हणजे सगळ्यात पहिल्या पायरीची) ऑफिसर झाली आणि बदली होऊन पुन्हा आमच्याच शाखेत आली. आता डबा वेगळा, बोलणं फक्त कामापुरतं.

क्लार्कला ठरलेले तास आणि ओव्हरटाइम असतो, ऑफिसरला दोन्ही नाही. त्यात ग्राहकांना विमा विकायच्या टार्गेटचा तगादा. तिची ओढाताण मला दिसते. पण उशिरापर्यंत थांबायला ती मलाच सांगते आणि ओव्हरटाइमचा विषय काढला की तोंड फिरवते, हे फार लागतं. युनियनकडे गेले तर मैत्रीच संपेल.

तुमच्यापैकी जे क्लार्कचे ऑफिसर झाले, त्यांनी कृपया सांगा: जुन्या सहकाऱ्याने हा विषय कसा काढला असता तर तुम्ही ऐकून घेतलं असतं?