दीड वर्षाची नात दिवसभर आजीकडे: झोप कशी बसवावी, कंबर कशी सांभाळावी?

सांजवात:
नात १८ महिन्यांची, सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आजीकडे. आजी ६६ वर्षांची, गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू. नात आधी सकाळी १०ला तासभर झोपायची. आता तेव्हा झोपत नाही, साडेअकराला पेंगते, जेवण अर्धवट राहतं. मग कशीबशी ५ला झोपली की रात्री ११पर्यंत टक्क जागी. दिवस कसा बसवावा? आणि उचलून उचलून आजीची कंबर धरते, त्यावर काय करता येईल?

कौलारू:
दोन झोपांवरून एका झोपेवर येण्याचं हे वय. काही आठवडे अशी ओढाताण होतेच. सकाळच्या झोपेच्या मागे लागू नका, जेवणच अलीकडे आणा. ११ला जेवण, साडेअकराला खोलीत अंधार करून झोप. दर तीन-चार दिवसांनी दोन्ही वेळा १५ मिनिटांनी पुढे सरकवा, १२ला जेवण आणि साडेबाराला झोप होईपर्यंत. दीड-दोन तास झोपली की पुष्कळ. साडेतीननंतर झोपू देऊ नका.

खरी गडबड ५च्या झोपेने होते, ती रात्रीची झोप खाते. दुपारची झोप फसली तर संध्याकाळी झोपवू नका, रात्रीची वेळच तासभर अलीकडे घ्या. या वयात दुपारची धरून २४ तासांत ११ ते १४ तास झोप लागते.

दूधही मोजा. दिवसाला ५०० मिलीच्या वर गेलं की जेवणाची भूक मरते, आणि अंगात लोह कमी पडतं. जेवणाआधी दीड तास दूध किंवा सटरफटर काही नको.

रानवारा:
कंबरेबद्दल. उभ्याने वाकून उचलायचं नाही. एक गुडघा जमिनीला टेकवायचा, मुलीला पोटाशी घट्ट घ्यायचं, मग मांड्यांच्या जोरावर उठायचं. मूल कडेवर असताना कंबरेतून वळू नये, पाय फिरवावेत.

पण आजींचे गुडघेच दुखत असतील तर हेही जड जाईल. मग उचलणंच कमी करा. या वयाची मुलं बुटक्या कोचावर स्वतः चढतात. आजींनी बसून राहावं, तिनं चढून मांडीवर यावं. उतरताना पालथं होऊन आधी पाय खाली सोडायला शिकवा, आठवडाभर हात धरून करून घेतलं की जमतं. लंगोट पलंगावर बदला, एक हात मात्र सतत तिच्या अंगावर हवा.

आणि एका हाताला धरून तिला वर ओढू नका. या वयात कोपराचं हाड चटकन सरकतं. मूल तो हात हलवेनासं होतं, अंगाशी धरून ठेवतं. अशा वेळी चोळत बसू नये, डॉक्टर ते बसवून देतात.

सांजवात:
खूप उपयोग झाला. एक राहिलंच. आजीच्या गोळ्या वारांच्या डबीत, जेवणाच्या टेबलावर असतात. चालेल ना?

तिठा:
अजिबात नाही! ती डबी मुलं सहज उघडतात. मोठ्यांची रक्तदाबाची किंवा मधुमेहाची एखादी गोळीसुद्धा इतक्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. डबी कुलपाच्या कपाटात हवी, आजींची पर्स उंच खुंटीला. गोळी हातातून पडली तर सापडेपर्यंत शोधायची.

गिळल्याचा नुसता संशय आला तरी लगेच रुग्णालयात न्या. उरलेल्या गोळ्या मोजा, पाकीट सोबत घ्या, उलटी करवू नका. ‘बरी दिसतेय’ म्हणून थांबू नका, काही गोळ्यांचा परिणाम कित्येक तासांनी दिसतो.

रिमोटमधला नाण्यासारखा चपटा सेलही तितकाच घातक. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतो. झाकणाला स्क्रू नसेल तर आजच चिकटपट्टी लावा. न्हाणीघरातली बादली वापरून झाली की रिकामी करून उपडी ठेवा, दार बाहेरून कडी लावून बंद. द्राक्षं द्यायची तर उभी चिरून चार फोडी करून, आणि खाताना ती बसलेली हवी, पळता पळता घास नको.