मदत हवी आहे: पायथॉनच्या लॉगमध्ये दिलेला फॉरमॅट लागतच नाही

नमस्कार मंडळी,

आमच्या दूध संस्थेसाठी पायथॉनची एक स्क्रिप्ट लिहिली आहे. संकलन केंद्रांवरून आलेल्या फाइली वाचायच्या, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) तपासायचं आणि दरपत्रकाप्रमाणे प्रत्येक उत्पादकाची रक्कम काढायची. सर्व्हरवर रोज पहाटे क्रॉनने (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) चालते. कुणी बिलाबद्दल विचारायला आलं की लॉग (स्क्रिप्टने काय काय केलं त्याच्या नोंदी) उघडून त्याच्या पावतीचं काय झालं ते दाखवता आलं पाहिजे. उत्पादकाच्या पैशाचा प्रश्न आहे, म्हणून ओळ नीट हवी: आधी तारीख-वेळ, मग लेव्हल (नोंद किती गंभीर ते), मॉड्यूलचं (कोडच्या फाइलचं) नाव आणि शेवटी मेसेज.

मेन फाइलमध्ये सगळ्या इम्पोर्टच्या खाली, लॉगची मांडणी ठरवणारं बेसिककॉन्फिग कॉल केलं आहे. लेव्हल इन्फो, फॉरमॅटमध्ये एएससीटाइम (तारीख-वेळ), लेव्हलनेम, नेम, मेसेज, आणि डेटएफएमटीमध्ये दिवस-महिना-वर्ष व वेळ. लॉगमध्ये मात्र हे येतं:

वॉर्निंग:रूट:नवीन दरपत्रक सापडलं नाही, जुने दर वापरत आहे
वॉर्निंग:रूट:केंद्र १४, पावती २०७, फॅट रिकामं

तारीख नाही, वेळ नाही, इन्फोच्या ओळी तर गायबच. यातली पहिली ओळ माझ्या फाइलमधली नाही. दरपत्रक वाचणारं एक जुनं मॉड्यूल आहे, ते इम्पोर्ट होतानाच ती छापतं.

नेटवर वाचून बेसिककॉन्फिगमध्ये फोर्स (आधीची मांडणी काढून नवी लावणारा पर्याय) ट्रू करून पाहिलं. लॅपटॉपवर पायथॉन ३.११ आहे, तिथे लगेच लागलं. सर्व्हरवर ३.६ आहे, तिथे एररही नाही आणि फरकही नाही. तिथलं पायथॉन बदलता येणार नाही, संस्थेचं बाकीचं सॉफ्टवेअर त्यावरच चालतं. काय करावं?

शिवाय लॅपटॉपवर फॉरमॅट लागला, पण डेटएफएमटी नसताना दिसायचे ते मिलिसेकंद गेले. आणि केंद्राच्या नावाला १५ जागा देऊनही पुढचे आकडे एका रांगेत येत नाहीत.

प्रतिसाद १

कारण तुम्ही दिलेल्या पहिल्या ओळीतच आहे. ते जुनं मॉड्यूल स्वतःचा लॉगर (नोंदी देणारा घटक) न घेता थेट लॉगिंग.वॉर्निंग वापरतंय, म्हणून तर नावाच्या जागी 'रूट' दिसतंय. तसा थेट कॉल झाला आणि रूट म्हणजे सगळ्यांच्या वरच्या मूळ लॉगरला एकही हँडलर (नोंद बाहेर लिहिणारा भाग) नसला, की पायथॉन स्वतःच बेसिककॉन्फिग चालवून डीफॉल्ट फॉरमॅटचा हँडलर लावून टाकतं. नंतर तुमचं बेसिककॉन्फिग येतं, त्याला हँडलर आधीच दिसतो आणि ते काहीही न करता परत जातं. म्हणून तुमचा फॉरमॅटही नाही आणि लेव्हलही नाही. रूटची लेव्हल वॉर्निंगच, म्हणजे ३०, राहिली. इन्फो २० आहे, ते गाळलं गेलं.

फोर्स ३.८ मध्ये आलं. ३.६ ला ते अनोळखी आहे, तरी एरर का नाही? कारण आर्ग्युमेंट्सची तपासणीदेखील 'हँडलर नाही' याच अटीच्या आत आहे. तिथपर्यंत गाडी पोचतच नाही.

३.६ वर सरळ उपाय म्हणजे बेसिककॉन्फिग त्या मॉड्यूलच्या इम्पोर्टच्या वर घ्या. जमलं तर जुन्या मॉड्यूलमध्ये गेटलॉगर वापरून त्याचा स्वतःचा लॉगर घ्या आणि वॉर्निंग त्यावरून द्या, म्हणजे ओळ कुठून आली ते नावावरून कळेल. पण नुसतं एवढं करून क्रम तसाच ठेवलात, तर ती पहिली ओळ तारखेशिवाय नुसता मेसेज म्हणून छापली जाईल. त्या क्षणी हँडलरच नसतो ना. म्हणून दोन्ही करा.

मिलिसेकंदांचं सोपं आहे. डेटएफएमटी दिलं की पायथॉन ते जोडत नाही. फॉरमॅटमध्ये एएससीटाइमच्या पुढे एमसेक्स हे फील्ड तीन आकडी करून टाका.

प्रतिसाद २

केंद्राच्या नावाबद्दल. पायथॉन जागा मोजतं ती युनिकोडच्या चिन्हांनी. 'सातारा' आपल्याला तीन अक्षरं दिसतात, पण काने धरून ती सहा होतात. 'केंद्र' हा शब्दही सहाच. त्यामुळे १५ जागा प्रत्येक नावाला वेगळ्या रुंदीच्या दिसणार. आम्ही केंद्राचा क्रमांक पुढे घेतो, मग आकडे, आणि देवनागरी नाव ओळीच्या अगदी शेवटी. मग काहीच सरकत नाही. फाइलमध्ये लिहिणार असाल तर फाइलहँडलरला एन्कोडिंग यूटीएफ-८ आवर्जून द्या, म्हणजे देवनागरी नीट लिहिली जाईल.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. क्रम बदलला, जुन्या मॉड्यूलला लॉगर दिला आणि ३.६ वर फॉरमॅट लागला, इन्फोच्या ओळीही आल्या. नावही शेवटी नेलं.

आता वेळ दिसायला लागल्यावर वेगळंच लक्षात आलं. आज पहाटे ५:१० ची ओळ लॉगमध्ये कालच्या तारखेने २३:४० अशी पडली आहे. उत्पादकाला दाखवताना सकाळचं दूध आदल्या दिवशीचं दिसणार, हे चालणार नाही.

प्रतिसाद १

सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. एएससीटाइम मशीनचीच स्थानिक वेळ घेतं. क्रॉनच्या ओळीत कमांडच्या आधी टीझेड हे टाइमझोनचं व्हेरिएबल 'एशिया/कोलकाता' असं लिहा, स्क्रिप्टपुरती वेळ बदलेल. क्रॉनची स्वतःची वेळ मात्र सर्व्हरच्या घड्याळानेच चालेल, ती आहे तशीच ठेवा. आणि जुने लॉग दाखवायची वेळ आली तर त्यात साडेपाच तास मिळवूनच दाखवा.