पुस्तक बाकावर सोडून येणे हे दान आहे का?

पानखूण:
‘वाचून झालेले पुस्तक बाकावर ठेवा, ते आपला वाचक आपणच शोधते,’ हे येथील कालचे विधान वाचून राहवले नाही. पुस्तक काहीही शोधत नाही. ते ठेवाल तिथे भिजत पडते. मला असेच एक सचित्र पुस्तक बागेत सापडले होते. रात्रीच्या पावसाने गुळगुळीत पाने एकमेकांना अशी चिकटली होती की सोडवताना चित्रांचे पापुद्रे निघाले. नको असलेले पुस्तक ग्रंथालयाला द्यावे.

दुमडलेले पान:
ग्रंथालयाला द्या, हे सांगणे सोपे आहे. मी दोन पिशव्या भरून पुस्तके नेली, तेव्हा ‘जागा नाही’ म्हणून मला दारातूनच परत पाठवले. सार्वजनिक जागी पुस्तके सोडण्याच्या, २००१ साली सुरू झालेल्या बुकक्रॉसिंग या उपक्रमात प्रत्येक पुस्तकाला स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि सापडणाऱ्याने तो संकेतस्थळावर नोंदवला की पुस्तक कुठे पोहोचले ते कळते. याला टाकून देणे म्हणत नाहीत.

शिवणबांधणी:
क्रमांकाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, तो पुस्तकावर ज्या चिकटपट्टीने लावतात, ती आधी बंद करा. काही वर्षांत चिकटपट्टीचा गोंद कागदात मुरतो, तपकिरी डाग उमटतो आणि पट्टी गळून पडली तरी तो डाग जात नाही. वडिलांच्या शब्दकोशाचे पहिले पान मी असेच गमावले आहे. क्रमांक मऊ शिसपेन्सिलीने लिहावा.

दुमडलेले पान:
तुमचे प्रेम वाचकावर आहे की कागदावर? रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात आईची शस्त्रक्रिया चालू असताना कोणीतरी ठेवलेल्या कथासंग्रहाने मला चार तास सावरले. त्यावर चिकटपट्टीच होती, आणि ती नसती तर दुसऱ्याची वस्तू समजून मी त्या पुस्तकाला हातही लावला नसता.

शिवणबांधणी:
कागदच उरला नाही तर पुढचा वाचक काय वाचणार, याचे उत्तर द्या! ‘हे पुस्तक आपल्यासाठी आहे’ अशी सुटी चिठ्ठी आत ठेवता येते.

पानखूण:
प्रतीक्षाकक्षाला छप्पर असते, बागेला नसते, एवढेच माझे म्हणणे आहे. २००९ साली अमेरिकेत टॉड बोल यांनी शिक्षिका असलेल्या आईच्या स्मरणार्थ शाळेच्या इमारतीसारखी दिसणारी लहानशी पेटी अंगणात उभारली आणि तीत पुस्तके ठेवली. अशी पेटी असेल, तर माझी हरकत मी मागे घेतो. मात्र दार नीट लागते की नाही, हे पुस्तक ठेवणाऱ्याने पाहावे.

शिवणबांधणी:
पेटी मान्य आहे. चिकटपट्टीबद्दलचा एकही शब्द मी मागे घेत नाही.