एकच प्रोजेक्ट मित्राच्या उबुंटूवर पळतो आणि माझ्या विंडोजवर रांगतो, काय करू?

शिरोलीकर

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीसाठी मी वेब ॲप लिहितोय. कुठल्या हीटचं (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचं) कास्टिंग किती रिजेक्ट झालं, त्या हीटला कार्बन-सिलिकॉन किती होतं, हे सुपरवायझरला मोबाइलवर दिसलं पाहिजे, एवढंच काम. पुढं स्क्रीनवर रिॲक्ट, मागं सर्व्हरवर नोड, डेटाबेस पोस्टग्रेस.

माझा लॅपटॉप आय-फाइव्ह आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी, विंडोज ११. त्यात डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) वर उबुंटू हे लिनक्स टाकलंय. फुलेवाडीच्या मित्राकडं जवळजवळ असाच लॅपटॉप आहे, फक्त त्यावर थेट उबुंटू. आम्ही दोघांनी शेजारी बसून घड्याळ लावलं. एनपीएम इन्स्टॉल (प्रोजेक्टला लागणारी तयार पॅकेजेस उतरवणं) त्याच्याकडं १ मिनिटाच्या आत, माझ्याकडं ६ मिनिटं. गिट स्टेटस (कुठल्या फाइली बदलल्या ते बघणं) त्याच्याकडं बटण दाबताच, माझ्याकडं ९ सेकंद. एका संध्याकाळी मी ते तीस-चाळीस वेळा करतो, लै जीव जातो.

आणखी एक त्रास. कोड बदलून सेव्ह केलं तरी ब्राउझरमध्ये बदल दिसायचा नाही. एका सहकाऱ्यानं पोलिंग चालू करायला सांगितलं, तेव्हापासून दिसतो, पण पंखा सारखा ओरडत असतो.

विंडोज काढता येत नाही. फौंड्रीच्या स्पेक्ट्रोमीटरचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं आणि त्याच्या फाइली वाचून बघायचं कामही माझ्याकडंच आहे. नवा लॅपटॉप घ्यायची आत्ता ऐपत नाही. विंडोजच मुळात हळू आहे का? का माझं काही चुकतंय?

बावड्याचा_भाऊ

भावा, डोकं लावू नको, डबल बूट कर, म्हणजे एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही टाक, सुरू करताना हवं ते निवड. मी कसबा बावड्यात घरी बसून चार वर्षं उबुंटूवर काम करतोय. बारक्या-बारक्या हजारो फाइली उघडायच्या-मिटायच्या असतील तर लिनक्सचा हात कोण धरत नाही. नवीन प्रोसेस सुरू करायलाही लिनक्सला कमी वेळ लागतो. गिट आणि बिल्डची हत्यारं दिवसभर तेच करत असतात, म्हणून फरक जाणवतो.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

शिरोलीकर, तू माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा वाटतोस म्हणून अरे-तुरे करते. डबल बूट करण्याआधी एक सांग, तुझा प्रोजेक्ट आहे कुठं? उबुंटूच्या खिडकीत पीडब्ल्यूडी लिही, आत्ता कुठल्या फोल्डरात आहेस ते कळेल. उत्तराची सुरुवात ‘एमएनटी’नं होऊन पुढं ‘सी’ आलं, म्हणजे प्रोजेक्ट विंडोजच्या सी ड्राइव्हवर असला, तर दुखणं सापडलं. तुझ्या पोलिंगच्या गोष्टीवरून मला खात्रीच वाटतेय.

कारण सांगते. २०१६ साली आलेलं पहिलं डब्ल्यूएसएल लिनक्सच्या हाका विंडोजच्या भाषेत फिरवायचं. २०१९ साली जाहीर झालेल्या दुसऱ्यात खरं लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) एका छोट्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आतल्या संगणकात, चालतं. त्या मशीनला स्वतःची डिस्क आहे, आणि त्या डिस्कवर ते चांगलंच पळतं. पण तू त्यातून सी ड्राइव्हवरची फाइल मागितलीस की प्रत्येक मागणी मशीनच्या बाहेर येते, विंडोजकडं जाते, परत येते. सीमेपलीकडच्या फाइलींना दुसरं डब्ल्यूएसएल पहिल्यापेक्षाही हळू आहे.

पुण्याला दहा टन माल एका ट्रकातून नेला तर किणी टोलनाक्यावर एकदाच थांबायचं. तोच माल हजार छोट्या टेम्पोंतून नेलास तर हजार वेळा थांबायचं. नोड मॉड्यूल्स, म्हणजे एनपीएमनं आणलेल्या पॅकेजेसचा फोल्डर, हेच ते हजारो टेम्पो. त्यामुळं २ जीबीची एकच फाइल कॉपी करून ‘माझी डिस्क तर वेगवान आहे’ असं म्हणण्यात अर्थ नाही.

बदल दिसत नाही, त्याचंही मूळ तेच. फाइल बदलली की लिनक्स कर्नल आयनोटिफायमधून खबर देतं. सी ड्राइव्हवरच्या फाइलीची ही खबर डब्ल्यूएसएल २ मध्ये पोचत नाही. मग पोलिंग लावायचं, म्हणजे हजारो फाइलींच्या दारात जाऊन ‘बदललीस का?’ असं सारखं विचारत राहायचं. पंखा ओरडणारच.

प्रोजेक्ट उबुंटूच्या होम फोल्डरमध्ये घे. कॉपी-पेस्ट करू नकोस. आधी सगळं कमिट करून सर्व्हरवर पुश कर, मग होम फोल्डरमध्ये नव्यानं क्लोन कर, म्हणजे ताजी प्रत उतरव. जुनं नोड मॉड्यूल्स आणू नकोस, काही पॅकेजेस ज्या सिस्टिमवर टाकली तिच्यासाठीच बांधलेली असतात. पासवर्ड वगैरे असलेली डॉट-ईएनव्ही फाइल गिटमध्ये नसते, तेवढी हातानं आण. नंतर त्या फोल्डरमधूनच ‘कोड’ आणि पुढं टिंब लिहून व्हीएस कोड उघड. डावीकडं खालच्या कोपऱ्यात डब्ल्यूएसएल लिहिलेलं दिसलं की समज, खिडकी विंडोजची आहे पण काम लिनक्समध्ये चाललंय. मग पोलिंग बंद कर.

रंकाळाकाठ

ताईंचं बरोबर आहे, आणि हा त्रास फक्त विंडोजवाल्यांचा नाही. मी मॅकवर आहे. मॅकवर डॉकर (ॲप वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरात, चालवायचं हत्यार) लावला की तोही लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीनमध्येच चालतो. कोड मॅकच्या फोल्डरमध्ये आणि कंटेनर आत, मग तीच ये-जा. नोड मॉड्यूल्स डॉकरच्या स्वतःच्या व्हॉल्यूममध्ये ठेवल्यावर मला सुटल्यासारखं झालं.

बावड्याचा_भाऊ

ताई, मानलं. हे मला ठाऊक नव्हतं. पण जो डब्ल्यूएसएल वापरत नाही, थेट विंडोजवरच नोड चालवतो, त्यानं काय करायचं? आमच्या ग्रुपात काही जण वेग यावा म्हणून डिफेंडर, म्हणजे विंडोजचा अँटीव्हायरसच, बंद करून टाकतात.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

डिफेंडर बंद करू नका, कळकळीनं सांगते. एनपीएमवरून आपण रोज अनोळखी माणसांचा कोड आपल्या मशीनवर आणून चालवतो. विंडोज ११ मध्ये डेव्ह ड्राइव्ह म्हणून वेगळा व्हॉल्यूम करता येतो, त्याला किमान ५० जीबी जागा लागते. त्यावर विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस फाइल सिस्टिमऐवजी आरईएफएस असतं. तिथं डिफेंडर फाइल आधी उघडू देतो आणि तपासणी मागाहून करतो, त्यामुळं दर फाइलीला खोळंबा होत नाही. शिरोलीकर, तुझ्या २५६ जीबीत त्याची गरज नाही, तू डब्ल्यूएसएलच नीट वापर.

शिरोलीकर

ताई, तुम्ही सांगितलं तसंच निघालं. ‘एमएनटी’, पुढं ‘सी’, पुढं ‘युझर्स’. दोन वर्षं तिथंच काम करत होतो.

काल रात्री नव्यानं क्लोन केलं. एनपीएम इन्स्टॉल ५५ सेकंद. तीनदा केलं, दर वेळी नोड मॉड्यूल्स पुसून. गिट स्टेटस लगेच. पोलिंग काढलं, सेव्ह करताच ब्राउझरमध्ये बदल दिसतो आणि पंखा गप्प आहे. आईनं येऊन विचारलं, आज लॅपटॉप बंद आहे का म्हणून.

एक गोष्ट मात्र फारशी बदलली नाही. टाइपस्क्रिप्टची (कोडमधल्या चुका चालवण्याआधीच पकडायची) पूर्ण तपासणी आधी ३८ सेकंद होती, आता ३१. मित्राकडं २९. आणि क्रोम, व्हीएस कोड, पोस्टग्रेस सगळं एकदम उघडलं की अजून अडखळतं.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

फार बरं वाटलं वाचून. टाइपस्क्रिप्टची तपासणी मुख्यतः प्रोसेसरचं काम आहे. फाइली एकदा वाचून झाल्या की पुढचं सगळं डोक्यातलं गणित, ते कुठल्याही सिस्टिमवर जवळपास तेवढाच वेळ घेणार. तिथं विंडोजला दोष देता येत नाही.

अडखळतंय ते रॅममुळं. डब्ल्यूएसएल मुळातच मशीनच्या अर्ध्या रॅमपर्यंत घेऊ शकतं. तुझ्या आठातले ४ तिकडं गेले की विंडोज आणि क्रोमला उरलं किती? डॉट-डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाइलीत मर्यादा कमी करता येते, पण मग आतलं पोस्टग्रेस आणि नोड गुदमरतील. लॅपटॉपचं खालचं झाकण उघडून दुसरा स्लॉट मोकळा आहे का बघ. असेल तर ८ जीबीची आणखी एक पट्टी टाक. नव्या लॅपटॉपचा विचार त्यानंतर कर.

शिरोलीकर

स्लॉट मोकळा आहे, आत्ताच बघितला. शनिवारी शाहूपुरीत जाऊन पट्टी घेतो. सी ड्राइव्हवरचा जुना फोल्डर आता उडवू का? जागा लै खाल्लीय त्यानं.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

थांब. आधी जुन्या फोल्डरात गिट स्टॅश लिस्ट चालवून बघ. स्टॅश म्हणजे कमिट न करता बाजूला ठेवलेले बदल, ते पुश होत नाहीत, त्यामुळं नव्या क्लोनमध्ये ते आलेले नसणार. पुश न केलेल्या ब्रँचेसही बघून घे. दोन्ही रिकामं असेल तर खुशाल उडव.

शिरोलीकर

ताई, तीन स्टॅश निघाले. त्यातला एक गेल्या महिन्यातला हीट रिपोर्टचा आहे, तो हरवला म्हणून मी पहिल्यापासून परत लिहायला घेतला होता. आता तिन्हींच्या ब्रँच करून पुश करतोय.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

कर सावकाश. पुश झाल्यावर नव्या क्लोनमध्ये त्या तिन्ही ब्रँच उतरवून बघ, आणि मगच फोल्डर पुस.