मॅडनमध्ये प्ले कॉम्प्युटरलाच निवडू द्यायचा का?

नवखा_क्वार्टरबॅक:
अमेरिकन फुटबॉलचे गेम खेळणाऱ्यांना एक विचारायचंय. मी मॅडन नुकतंच सुरू केलंय, ४ डाउनमध्ये (म्हणजे ४ प्रयत्नांत) १० यार्ड वगैरे नियम कळले, पण प्रत्येक स्नॅपच्या (बॉल मागे देऊन खेळ सुरू होतो त्याच्या) आधी प्लेबुक उघडलं की प्लेच प्ले (म्हणजे आधी आखलेल्या चाली), वरून क्लॉक पळतंय, मग गेमनेच सुचवलेला पहिला प्ले दाबून मी मोकळा होतो. जिंकतोही बऱ्याचदा, पण नंतर वाटतं यात माझं काय होतं? या ऑटोमॅटिक सोयीने गेम सुधारतो की त्यातला जीव जातो?

तिसरा_डाउन:
सुधारतो. २०१० च्या मॅडन ११ मध्ये गेमफ्लो आलं तेव्हापासून हा वाद आहे. डाउन, यार्ड, स्कोअर बघून कोच प्ले लावणार, तुम्ही फक्त खेळायचं, त्यामुळे मॅच खूप लवकर संपायची. पण लोक एक गोष्ट विसरतात, तो गेमप्लॅन तुम्हाला स्वतः बदलता यायचा, म्हणजे थर्ड अँड लाँगला (तिसरा डाउन आणि बरेच यार्ड बाकी) कुठले प्ले, रेड झोनमध्ये (समोरच्याच्या गोलजवळ) कुठले, हे सगळं आधीच बसून ठरवायचं. डोकं वापरायचंच, फक्त मॅचच्या आधी. आणि खऱ्या एनएफएलमध्ये (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये) तरी काय होतं, १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या (जो पास फेकतो त्याच्या) हेल्मेटमध्ये रेडिओ आहे, प्ले बहुतेक वेळा कोचच सांगतो, प्ले क्लॉकवर १५ सेकंद उरले की आवाज बंद. तिथून पुढे समोरचा डिफेन्स वाचायचा तो त्याने एकट्याने. एनएफएलचे कोच बिल वॉल्श तर सुरुवातीचे प्ले मॅचच्या आधीच लिहून ठेवायचे.

जुनी_कार्ट्रिज:
मला नाही पटत. १९९१ चा टेक्मो सुपर बोल हा गेम घ्या, एका टीमकडे फक्त ८ प्ले, ४ रन (बॉल घेऊन पळायचं) ४ पास (फेकायचा), आणि समोरच्याने तुमचा प्ले बरोबर ओळखला की त्याची अख्खी लाइन अंगावर. ते ओळखणं हाच गेम होता! कॉम्प्युटरला डाउन कळतो, पण दोनदा रन केल्यावर समोरच्याचे लाइनबॅकर (मधल्या फळीतले डिफेंडर) पुढे सरकायला लागलेत, आता प्ले-ॲक्शन (रनचं नाटक करून पास) टाकला तर मागे मैदान मोकळं आहे, हे शेजारी बसलेल्या माणसाला ओळखूनच कळतं. हीच मजा मला कुणाच्या हातात द्यायची नाहीये.

तिसरा_डाउन:
बरोबर आहे, समोर माणूस असेल तर मीही तिसऱ्या डाउनला स्वतःच निवडतो. पण ज्याला प्लेची नावंच कळत नाहीत तो कसला अंदाज बांधणार? नवख्या, तू सोय चालू ठेव, फक्त स्नॅपच्या आधी सेफ्टी (सगळ्यात मागचे डिफेंडर) बघायची सवय लाव. मागे दोघे खोल उभे असतील तर पुढे माणसं कमी, रन चालेल. एकच मागे आणि लाइनजवळ ८ जण, तर ऑडिबल करून (ऐनवेळी प्ले बदलून) पास.

नवखा_क्वार्टरबॅक:
काल करून बघितलं. थर्ड अँड ४, सुचवला रन, पुढे ८ जण दिसले म्हणून ऑडिबल करून स्लँट (तिरका छोटा पास) टाकला तर लाइनबॅकर पुढे यायच्या ऐवजी मागे सरकला आणि बॉल त्याच्या हातात. वाईट वाटलं, पण काय झालं ते पहिल्यांदाच नीट कळलं. नंतर त्याच फॉर्मेशनला मी रनच ठेवला. ६ यार्ड मिळाले.